बर्फ वितळत असताना हिमालयातला एक लांब दिवस: किती वाजता काय करायचं

दर वर्षी मे-जूनला फोंडा, म्हापसा, डिचोलीकडची दोन-चार टोळकी हिमाचलला जातात आणि परत आल्यावर रडगाणं तेच असतं. बर्फात मांडीपर्यंत रुतलो, नाल्याला पाणी मरणाचं होतं, पाच तासांची वाट दहा तास चाललो. यात दम कमी पडला असं फार थोड्या वेळा होतं, बहुतेकांचं घड्याळ चुकतं. कारण पाण्याचं जे गणित आपल्या डोक्यात बसलंय ते गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं आहे, आभाळ भरलं की व्हाळ (ओढा) चढतो आणि उघडीप मिळाली की उतरतो. तिथं ते उलटं करून घ्यायचं. आभाळ निरभ्र, ऊन कडक, म्हणजे वर बर्फ वितळतोय आणि दुपारनंतर नाला चढणार. सकाळी गुडघ्याखाली असलेलं पाणी संध्याकाळी कमरेला लागू शकतं, आणि पावसाचा एक थेंब पडलेला नसतो.

उदाहरणाला मनालीजवळच्या हम्पटा पासचा मुख्य दिवस धरलाय, कारण आमच्या ओळखीतले बरेचजण पहिल्यांदा तिथंच जातात. बालू का घेराहून (सुमारे ३,६०० मीटर) निघायचं, ४,२७० मीटरच्या आसपासची खिंड ओलांडायची आणि पलीकडे लाहौलच्या अंगाला शिया गोरूला उतरायचं. आठ ते दहा तास, आणि जूनमध्ये त्यातला बराचसा भाग बर्फावरून. दुसऱ्या खिंडीला गेलात तर आकडे बदलतील, क्रम हाच राहील.

१. गोव्यात असतानाच: बूट, पाय, सामान

आधी बूट. गेल्या ट्रेकनंतर ते कपाटावर ठेवले, मध्ये एक अख्खा पावसाळा गेला, वरून बुरशी पुसली की बूट नवा दिसतो. पण आपल्याकडच्या दमट हवेत सोलमधला फोम आतल्या आत कुजतो आणि पहिल्याच लांब दिवशी तळवा जबडा उघडल्यासारखा पुढून सुटतो. आमच्यातल्या एकाने शेवटचे सहा किलोमीटर बुटाला तंबूची दोरी गुंडाळून काढलेत.

तपासा: बूट दोन्ही हातांनी वाकवा, सोलच्या कडेला अंगठा दाबून फिरवा. भुगा पडला किंवा चीर दिसली तर तो बूट बाजारात जायला ठेवा. ठीक वाटला तरी निघण्याआधी दोन-तीन आठवडे रोज घालून चाला, मुद्दाम भिजवून पण चाला, कारण तिथं तो भिजणारच आहे, वॉटरप्रूफ असो नाहीतर नसो.

सराव म्हणजे सपाट रस्त्यावर पळणं नव्हे. मिरामारच्या वाळूत रोज पाच किलोमीटर पळणारा माणूस उतारावर गुडघे धरून बसलेला मी बघितलाय. चढ आणि मुख्य म्हणजे उतार पाहिजे, पाठीवर ८-१० किलो घेऊन. आठवडाभर पणजीतल्या आल्तिनोच्या चढणी-पायऱ्या आणि रविवारी वाघेरी नाहीतर चोर्ला घाटाचा पट्टा, एवढं दोन महिने केलं तरी पुष्कळ. सोंसोगडला जाणार असाल तर वन खात्याची परवानगी आधी बघा, तो भाग अभयारण्यात येतो. हवा विरळ असण्याचा सराव मात्र गोव्यात होत नाही, आपला सगळ्यात उंच डोंगर हजार मीटरच्या थोडा वर. ते काम तिथं जाऊनच करायचं.

बर्फासाठी वेगळं घ्यायचं ते एवढं: मायक्रोस्पाइक्स (बुटावर रबराने चढणारे दाते), गुडघ्यापर्यंतचे गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून नडगीवर चढवायचे आवरण), दोन काठ्या आणि त्यांना बर्फाची रुंद चकती, बाजूने सुद्धा झाकणारा काळा चष्मा, जलरोधक हातमोजे आणि आत लोकरीचे, पट्ट्याचे सॅंडल नाला ओलांडायला. मोजे चालायचे दोन जोड आणि झोपायचा एक जोड, तो झोपायचा जोड मेलो तरी बाहेर काढायचा नाही. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स घरी ठेवा. घामाने भिजलेला सुती कपडा खिंडीवरच्या वाऱ्यात अंगावर बर्फाच्या फडक्यासारखा बसतो.

विमानाने जाणाऱ्यांसाठी: गॅसचा डबा विमानात चालत नाही, चेक-इनमध्ये पण नाही, मनालीत घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, काठ्या आणि स्पाइक्स चेक-इनमध्ये. मडगावहून चंडीगढला गोवा संपर्क क्रांती जाते, त्यात ही कटकट कमी, पण गॅसचा डबा रेल्वेत पण न्यायचा नाही.

सावध: कुणा परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने दिलेला सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर बरोबर घेऊ नका. आपल्या देशात परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे आणि २०२४ च्या डिसेंबरात आपल्या गोव्याच्या विमानतळावरच परदेशी ट्रेकर्सना असल्या यंत्रावरून अडवलं होतं.

२. वर गेल्यावर घाई नाही

गोव्याहून निघालेला माणूस दोन-तीन दिवसांपूर्वी समुद्राच्या पातळीवर झोपलेला असतो. ४,२०० मीटरच्या वर हवेचा दाब आणि त्याबरोबर मिळणारा ऑक्सिजन साधारण ६० टक्क्यांवर येतो. मनाली सुमारे २,००० मीटरवर, तिथं निदान दोन रात्री काढा आणि मॉल रोडवर खात बसण्यापेक्षा दिवसा थोडं वर चढून परत खाली झोपायला या. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा नियम लक्षात ठेवा. सुट्टी संपतेय म्हणून हवेची सवय करायचा हाच दिवस सगळे कापतात. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरला विचारून, विशेषतः सल्फा औषधाची ॲलर्जी असेल तर, ट्रेकवर कुणाच्या पाकिटातली मागून नव्हे.

तपासा: आदल्या दिवशी डोकं दुखतंय आणि त्याबरोबर मळमळ, चक्कर किंवा जेवण नको वाटणं यातलं काहीही असेल तर दुसऱ्या दिवशी खिंड नाही. चाल दारू प्यायल्यासारखी झाली किंवा स्वस्थ बसून धाप लागत असेल तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी खाली उतरवायचं.

३. आदल्या संध्याकाळी: आभाळ बघा, माग काढा

हा टप्पा लोक सरळ गाळतात, तंबूत पत्ते खेळत बसतात. तीन कामं आहेत.

झोपायच्या आधी आभाळ बघा. चांदण्या स्पष्ट दिसत असतील तर रात्री बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि वरचा थर घट्ट गोठतो, पहाटे त्यावरून रस्त्यावरून चालल्यासारखं चालता येतं. ढगांची गोधडी असेल तर गोठत नाही, पहाटे चारला पण बर्फ खिचडीसारखा असतो. अशा रात्रीनंतर लवकर निघून सुद्धा पाय रुतणार, मग तास-दोन तास जास्त धरा किंवा एक दिवस थांबा.

दुसरं, उजेड असेपर्यंत उद्याच्या वाटेचा पहिला अर्धा तास चालून बघा. अंधारात वाट चुकते ती कॅम्पपासून पाचशे मीटरच्या आतच.

तिसरं म्हणजे मोबाइलमधला ट्रॅक. ऑफलाइन नकाशा घेतला ते बरं केलं, पण तो ट्रॅक कुणी सप्टेंबरात चालून रेकॉर्ड केलाय का ते बघा. सप्टेंबरात पायवाट असते, जूनमध्ये ती बर्फाखाली असते आणि त्याच रेषेवर तिरका उतार, खाली नाला, असा प्रकार असू शकतो. रेषेची दिशा घ्या, पाऊल कुठे टाकायचं ते समोर बघून ठरवा, आणि पहिल्यांदा जात असाल तर त्या वर्षी ती खिंड आधी ओलांडलेला स्थानिक गाइड घ्याच. या पैशांत काटकसर नको, वाटल्यास हॉटेल स्वस्तातलं घ्या.

पाण्याच्या बाटल्या भरून उलट्या ठेवा. पाणी वरून गोठतं, बाटली उलटी असली की सकाळी तोंड मोकळं राहतं. नळीवाल्या पिशवीची नळी पहाटे गोठून काडी होते. मोबाइल, पॉवर बँक, टॉर्चची बॅटरी झोपायच्या पिशवीत घ्या. आतले मोजे-हातमोजे पण.

४. अडीचचा गजर, चारच्या आत बाहेर

हिमाचलात जूनमध्ये सूर्य आपल्यापेक्षा पाऊण तास लवकर उगवतो, सव्वापाच-साडेपाचला, आणि पूर्वेकडचे उतार सातपर्यंत तापायला लागतात. म्हणून चारच्या आत निघायचं. आपला स्वभाव असा की चहा झाला, आणखी एक चहा झाला, कुणाचा तरी मोजा सापडत नाही, आणि सहा वाजतात. हे दोन तास पुढे दुप्पट होऊन वसूल होतात.

पोटाला काय? मी पेज सुचवतो, हसू नका. पहाटे अडीचला त्या उंचीवर परोठा घशाखाली उतरत नाही, पातळ मिठाची पेज आणि मिस्कुटाची (कैरीच्या लोणच्याची) एक फोड उतरते आणि पाणीही पोटात जातं. तांदूळ रात्रीच शिजवून ठेवा, कारण तिथं पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं आणि शिजायला वेळ लागतो. खिशात जत्रेतलं खाजें (गूळ-आल्याचा कुरकुरीत खाऊ), काजू, चिक्की. चॉकलेटचे बार थंडीत दगड होतात, खाजें चावता येतं आणि त्यातलं आलं पोटालाही बरं. दोन सोलां (आमसुलं) पण ठेवा, मळमळलं की चघळायला. तासाभराने थोडं थोडं खायचं, भूक लागायची वाट बघायची नाही, त्या उंचीवर भूक लागतच नाही.

निघताना थोडी थंडी वाजत असेल असेच कपडे घाला. जॅकेट घालून निघालात की वीस मिनिटांत घामाने भिजता.

सनस्क्रीन अंधारातच लावून टाका, नंतर राहून जातं. नाकाच्या खाली, हनुवटीखाली, कानामागे, नाकपुडीच्या कडेला. "आम्ही गोंयकार, आम्हाला उन्हाचं काय" असं म्हणणाऱ्याच्या नाकाची साल मी तीन दिवस निघताना बघितलीय. तिथं ऊन खालून पण येतं, ताज्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फिरतात.

५. गोठलेल्या बर्फावर: चार ते आठ

इथं अंतर कापायचं. टाच रोवून बघा. टाच अजिबात शिरत नसेल तर स्पाइक्स चढवा, आणि सपाट जागी असतानाच चढवा, उतारावर एका पायावर उभं राहून नव्हे. घोट्यापर्यंत जातंय तर उत्तम, असंच चाला. चढताना बुटाचं टोक दोनदा मारून पायरी करायची, मागच्यांनी त्याच पायऱ्या वापरायच्या, पुढचा माणूस दर दहा मिनिटांनी बदलायचा.

मायक्रोस्पाइक्स म्हणजे क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब पोलादी दाते) नव्हेत. ज्या तिरक्या उतारावर घसरलो तर खाली खडक किंवा पाणी आहे तिथं ते पुरत नाहीत, तिथं बर्फाची कुऱ्हाड (आइस ॲक्स) आणि ती वापरायला शिकलेला माणूस पाहिजे. न शिकता हातात धरलेली कुऱ्हाड स्वतःलाच लागते.

सावध, खडकाच्या कडेला: बर्फातून वर आलेला काळा खडक बघून सगळे टेकायला तिकडेच जातात. खडक ऊन पितो, तापतो आणि भोवतीचा बर्फ आतून खातो. वरून सपाट दिसतं, खाली पोकळ असतं. काठी लांब करून टोचत जा, नाहीतर तीन-चार फूट लांबून वळसा घ्या.

सावध, पाण्याच्या वर: दरीच्या मधोमध बर्फ थोडा खचलेला, राखाडी दिसतोय किंवा खालून खळखळ ऐकू येतेय, म्हणजे तुम्ही नाल्याच्या छतावर आहात. ओलांडायचंच असेल तर सकाळीच, जिथं छत सगळ्यात जाड दिसतं तिथं, एकेकाने, पाठपिशवीचे पट्टे सोडून. आणि कालची पावलं बघून मुळीच जाऊ नका. ही चूक अनुभवी लोक पण करतात. काल बारा माणसं त्यावरून गेली याचा अर्थ काल ते बारा माणसांना पेललं, एवढाच. रोज ते छत खालून झिजतंय.

उजेड झाला की लगेच चष्मा, ढग असले तरी. बर्फाने डोळे भाजतात ते त्या वेळी कळतच नाही, सहा-आठ तासांनी रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, मग दुसऱ्या दिवशी चालायचं नाव नको.

६. खिंड आणि पलीकडचा उतार

खिंडीवर नऊ-साडेनऊपर्यंत पोचायला पाहिजे. अकरा वाजले आणि खिंड अजून वरच दिसतेय तर परत फिरा, आणि ही वेळ आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर ठरवा, कारण तिथं उभं राहिल्यावर "एवढंसंच तर राहिलंय" असं म्हणणारा एकजण असतोच. फोटोला पंधरा मिनिटं.

शिया गोरूच्या बाजूचा उतार चांगलाच उभा आहे. उतरताना पुढे झुकून टाच खाली रोवत जायचं. मागे रेललात की पाय निसटून बसकण. बसून घसरत जायची सगळ्यांना भारी हौस, करा, पण खालचा थांबायचा सपाट भाग पूर्ण दिसत असेल, मध्ये खडक नसेल तरच, आणि स्पाइक्स काढून. दाते अडकले की घोटा मोडतो.

थांबा आणि बघा: सूर्य लागलेल्या उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळत येतायत का? वरचा ओला थर सुटायला लागल्याची ती खूण आहे. त्या उताराच्या खाली जेवायला बसू नका, लांबून, एकेक करून, न थांबता निघून जा. पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी सुटतात, पश्चिमेकडचे दुपारनंतर.

दहा-अकरानंतर पाय रुतायला लागणारच. गुडघ्यापर्यंत पाय गेला की झटका देऊन ओढू नका, बूट आत राहतो नाहीतर गुडघा दुखावतो. खाली बसा, हाताने उकरा, मग काढा. माती किंवा गवताचा पट्टा दिसला की वळसा पडला तरी तो धरा.

७. नाला: दिवसातलं सगळ्यात धोक्याचं काम

शिया गोरूला नाला ओलांडायचा असतो. माहीतगार लोक कॅम्प अलीकडे लावून तो दुसऱ्या दिवशी सकाळी ओलांडतात, आणि ते बरोबर आहे. आमच्या पहिल्या वेळी आम्ही आठला निघालो होतो, बर्फात रुतत रुतत साडेतीनला काठावर पोचलो, आणि पलीकडे गवत छान दिसत होतं म्हणून आत्ताच जाऊया असं ठरत होतं. पाणी ताकासारखं पांढुरकं, आणि पायाखाली नाल्यात दगडांची गडगड ऐकू येत होती, कुणी पोत्यातले नारळ हलवतंय तशी. आमच्यातला सत्तरी तालुक्यातला एकजण काही बोलला नाही, त्याने पाण्याच्या काठाला लागून एक नारळाएवढा दगड ठेवला आणि आम्हाला चहा करायला सांगितलं. चहा होईपर्यंत दगड दिसेनासा झाला. वर आभाळ निळंभोर. आम्ही अलीकडेच तंबू टाकले. सकाळी सहाला तोच दगड काठापासून हातभर लांब कोरडा पडला होता, त्याच्या बुडाला बर्फाची पातळ कड, आणि नाल्याचा रंग बदलून तळाचे खडे दिसत होते.

तेव्हापासून दगड ठेवणं हे आमचं नेहमीचं माप आहे. दुपारी तीन-चारपासून संध्याकाळपर्यंत छोटे नाले सगळ्यात भरलेले असतात, पहाटे ते साधारण आठ सगळ्यात कमी. पुढच्या टप्प्यावर, छत्रूला, चंद्रेसारख्या मोठ्या नदीत हे पाणी लांबून येतं, तिथं चढ आणखी उशिरा दिसतो, पण तिथं पूल आहे, पुलावरूनच जायचं.

कधी ओलांडायचं नाही: पाणी मांडीच्या मध्यापेक्षा वर, वेगाचं असेल तर गुडघ्याच्या वर सुद्धा. टाकलेली काडी तुमच्या भरभर चालण्यापेक्षा पुढे जातेय. तळाचे दगड वाजतायत. खाली लगेच धबधबा, अरुंद घळ किंवा अडकलेली झाडं आहेत. यातलं एक जरी असेल तरी थांबायचं.

ओलांडायचं कसं:

१. अरुंद जागा शोधू नका. अरुंद म्हणजे खोल आणि वेगवान. जिथं नाला पसरून दोन-तीन धारांत फुटतो तिथं जा.
२. पँट वर करा, मोजे काढून पिशवीत टाका, सॅंडल घाला. अनवाणी नाही, मिनिटाभरात तळवे बधिर होतात आणि कुठे पाय ठेवला ते कळत नाही. सॅंडल नसतील तर बूटच घाला, आतली गादी काढून.
३. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. हे विसरलात आणि पडलात तर पिशवी तुम्हाला पालथं दाबून ठेवते.
४. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, दोन्ही काठ्या समोर टेकवून, एका वेळी एकच गोष्ट हलवायची, काठी किंवा पाय. पाय उचलून टाकायचा नाही, तळाला घासत सरकवायचा. थोडं खालच्या दिशेने तिरकं जायचं.
५. पाण्याकडे टक लावू नका, गरगरतं. पलीकडचा एखादा दगड धरा.
६. तिघे-चौघे असाल तर प्रवाहाच्या रेषेत एकामागे एक, पुढच्याच्या खांद्याला धरून, सगळ्यात दणकट माणूस वरच्या टोकाला. अंगाला दोरी बांधायची नाही, दोरी ताणली की माणूस पाण्याखाली जातो.

वाहून गेलात तर पिशवी सोडा, पाठीवर व्हा, पाय पुढे खालच्या दिशेला आणि वर उचललेले, हातांनी काठ गाठा. उभं राहायची धडपड वेगाच्या पाण्यात करू नका, दगडात पाय अडकतो.

पलीकडे गेल्यावर गप्पा नंतर, आधी पाय पुसा, कोरडे मोजे घाला, जागच्या जागी पाच मिनिटं चाला. आपल्याकडे व्हाळातून बाहेर येऊन ओल्या पायाने तासभर फिरलं तरी काही होत नाही, तिथलं पाणी तासाभरापूर्वी बर्फ होतं.

८. कॅम्पवर पोचल्यावर

दोन-तीनपर्यंत पोचलात तर ऊन शिल्लक असतं, ते वाया घालवू नका. मोजे, गेटर्स, बुटातली गादी लगेच दगडांवर वाळत घाला, आपल्याकडे पावसाळ्यात चार दिवस न वाळणारे मोजे तिथल्या कोरड्या वाऱ्यात दोन तासांत वाळतात. वाऱ्याने उडतात पण, वर दगड ठेवा. बूट पूर्ण वाळणार नाहीत, रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पायाशी घ्या, बाहेर ठेवलेत तर सकाळी लाकूड झालेले असतात.

पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी वर मेंढ्या असतात, जूनमध्ये गद्दी लोक कळप घेऊन चढत असतात. तीन मिनिटं खळखळून उकळा. क्लोरीनच्या गोळ्या थंड पाण्यात हळू काम करतात, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ द्या.

एकमेकांची तोंडं बघा, कोण जेवत नाहीये, कोण गप्प बसलाय. मग नाल्यावर जाऊन काठाला दगड ठेवा आणि गजर साडेचारचा लावा.